प्रथिनांची घडी आणि दुधाचे नासणे

गोरेगावनजीक आरे येथे १९४९ साली दुग्धवसाहत स्थापन झाली आणि मुंबई शहरातील म्हशींचे गोठे तेथे हलविले जाऊ लागले. अशा वसाहतीतून घरी आलेले दूध तापविले जाई, विरजले जाई, प्रसंगी नासतही असे. या तीन नित्याच्या क्रियांत प्रथिनाचे नेमके काय बदलते, हे पाहिल्यास त्याच्या रचनेतील बलवान व दुर्बल बंधांचा भेद स्पष्ट होतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी होय. एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट व दुसऱ्याचा अमिनो गट यांच्या संयोगात पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध निर्माण होतो. हा बंध बळकट असतो. वीस प्रकारच्या आम्लांचा साखळीतील क्रम ही प्राथमिक रचना. इन्सुलिनच्या बाबतीत ती सँगर यांनी १९५५ पर्यंत संपूर्णपणे निश्चित केली. साखळीच्या कण्यातील हायड्रोजन बंधांमुळे मळसूत्राकार किंवा पट्टीसारखी द्वितीयक रचना होते. पुढे जलविरोधी भाग आत दडतात, विरुद्ध विद्युत्भार परस्परांना ओढतात, क्वचित गंधकाचे अणू जोडले जातात आणि साखळीची विशिष्ट घडी बसते. ही तृतीयक रचना होय. तिला सावरणारे बहुतेक बंध दुर्बल असतात.

दूध तापविले असता निवळीतील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी उलगडते. आत दडलेला गंधकयुक्त गट उघडा पडून केसिनशी जोडला जातो. विरजणात निराळे घडते. केसिनच्या कणांवरील ऋण विद्युत्भार त्यांना परस्परांपासून दूर ठेवतो. जीवाणूंनी निर्माण केलेल्या लॅक्टिक आम्लामुळे सामू ४.६ च्या आसपास उतरला की हा भार नाहीसा होतो व कण एकत्र येऊन दही लागते. दोन्ही क्रियांत पेप्टाइड बंध बहुतांशी अभंग राहतात.

मराठीत दूध ‘विरजते’ आणि ‘नासते’ ही क्रियापदे भिन्न असली, तरी आम्लतेने दूध नासते तेव्हा केसिनच्या पातळीवर घडणारी घटना एकच असते. पनीरसाठी लिंबू पिळून दूध मुद्दाम नासविले जाते, ते याच कारणाने. अभ्यासकाने म्हणूनच ‘नाश’ हा शब्द येथे जपून वापरावा. घडी मोडणे वेगळे आणि साखळी तुटणे वेगळे. साखळी खऱ्या अर्थाने तुटू लागते ती जठरात, पेप्सिन हे विकर पेप्टाइड बंध छेदू लागते तेव्हा. आणि त्या तुटण्यालाच आपण पचन म्हणतो.