कोपरातून वळलेला हात

चेहरा नाही, नाव नाही, बहुतेकदा एक अक्षरही नाही. खांबातून निघालेला दंड, कोपरात काटकोनात वळून सरळ वर गेलेला हात, उघडा पंजा आणि मनगटावर बांगड्या. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, म्हणजे वीरगळांच्या, रांगेत दिसते ती ही सतीशिळा. कुठे तिला शेंदूर लागतो, कुठे ती गवतात आडवी पडलेली असते.

त्या बांगड्या जवळ जाऊन बघा. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, हा रिवाज. या हातावरची एकही फुटलेली नाही. म्हणजे बाई विधवा झालीच नाही, सवाशीण म्हणूनच गेली, हे पाथरवटाने दोन-चार आडव्या रेघांत सांगून टाकलंय! पंजा समोर, बोटं वर, ही तर देवाची अभयमुद्रा. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईने गावाला ‘भिऊ नका’ म्हणायचं. थक्क व्हावं की संतापावं, कळत नाही. काही शिळांवर बोटांत लिंबूही धरलेलं असतं. वर चंद्र-सूर्य, ते असेतोवर ही आठवण राहो म्हणून. जमिनीच्या दानाची ग्वाही देणाऱ्या गधेगाळांवरही हीच जोडी असते.

इथे मोजक्या रेघांत सगळा अर्थ; इटलीत नेमकं उलटं घडलं. 15व्या शतकात फ्लॉरेन्सचे कारागीर तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर छाप काढू लागले. त्यांतला अंतोनियो पोल्लाइउओलो मूळचा सोनार. त्याच्या एका प्रसिद्ध छापचित्रात दहा नागडे पुरुष झुंजताहेत. आवळलेल्या मुठी, तट्ट फुगलेले दंड, काय ती रेघ! पण भांडण कशावरून, हे अभ्यासकांना आजही ठामपणे सांगता येत नाही. आमच्या पाथरवटाने स्नायू, नखं, पेरं सगळं गाळलं, तरी गावात कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

हात कुणाचा, हे मात्र दगड सहसा सांगत नाही. थेऊरला माधवराव पेशव्यांमागे 1772 मध्ये सती गेलेल्या रमाबाईंचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्या बहुतेक जणी निनावीच. वीरगळावर पुरुषाची लढाई असते, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा असतात, शिवलिंगाची पूजाही असते. बाईच्या वाट्याला एक हात. कधी तर तिला वेगळा दगडही मिळत नाही. नवऱ्याच्या वीरगळावरच कडेला तो हात कोरलेला सापडतो.