मातीचा मामला, एकदम पक्का!

माहीत आहे का, माणसाने मडकं आधी घडवलं आणि शेती नंतर केली? चीनमधल्या शियानरेनडोंग गुहेत सापडलेली खापरं तब्बल 20,000 वर्षांपूर्वीची आहेत. तेव्हा शेती सुरू व्हायला आणखी दहाएक हजार वर्षं होती! काही खापरांच्या बाहेरच्या अंगावर जळाल्याच्या खुणाही दिसतात. म्हणजे शिकार करून भटकणाऱ्या मंडळींनी ही भांडी चक्क विस्तवावर चढवली होती.

वाळलेली माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होतो. पण तीच माती 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापली, की तिच्या कणांत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर नो रिटर्न तिकीट! हजारो वर्षं पाण्यात पडून राहिली तरी ती विरघळत नाही.

आणि तिच्यावर उमटलेलं सगळं टिकतं. चेक प्रजासत्ताकात दोल्नी वेस्तोनित्से इथे 1925 मध्ये भाजलेल्या मातीची, वीतभरही नसलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. वय 25,000 वर्षांहून जास्त, म्हणजे वरच्या मडक्यांच्याही आधीची. तिच्या पाठीवर काय आहे, माहीत आहे का? एका लहान मुलाच्या बोटाचा ठसा! ओली माती दिसली की हात लावायचाच, ही खोड तेव्हापासूनची.

पोलंडमध्ये भोकाभोकांची खापरं सापडायची. चाळणी, पण कशाची? 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी खापरात मुरलेले अंश तपासले आणि दुधातली चरबी निघाली. सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचं चीज! से चीज!

खरी कमाल पुढे आहे. मातीत लोहाचे बारीक कण असतात. भट्टीत भाजलेलं भांडं थंड होताना हे कण त्या क्षणाचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिपून ठेवतात, आणि शास्त्रज्ञ ते आज वाचूही शकतात. खापर नव्हे, पेनड्राइव्ह!

आता आपल्या अंगणात या. संगमनेरजवळचं जोर्वे गाव माहीत आहे का? गाव लहान, पण पुरातत्त्वात ब्रँड नेम! 1950-51 मध्ये तिथे उत्खनन झालं आणि तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. तांबूस अंगावर काळी नक्षी, ऐटीत पुढे आलेली तोटी आणि भाजणी इतकी कडक, की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज यावा. या तोटीच्या भांड्यांसमोर आजची कुठलीही डिझायनर क्रॉकरी फिकी वाटेल, हे माझं ठाम मत.

याच संस्कृतीचं दुसरं गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव. इथे सूर जरा खाली घेऊ. इथली माणसं गेलेल्या बाळाला दोन मडक्यांत ठेवायची, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडायची आणि घराच्याच जमिनीखाली पुरायची. लेकरू गेलं तरी घरातच राहायचं. मडकं नुसतं स्वयंपाकाचं भांडं नव्हतं, हे इतकं थेट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

चला, रोमला! तिथे चक्क फुटक्या भांड्यांची टेकडी आहे, माँटे टेस्टाचो. उंची सुमारे 35 मीटर. प्राचीन रोममध्ये ऑलिव्ह तेलाचे रांजण रिकामे झाले की त्यात मुरलेलं तेल खवट व्हायचं, मग ते पुन्हा वापरणार कसे? फोडा आणि रचा! अंदाज असा, की इथे पाच कोटींहून जास्त रांजण आहेत.

'मातीमोल' म्हणजे किती हो? 2014 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात कोंबडीची चित्रं असलेली चिनी मातीची एक छोटीशी वाटी सुमारे 3 कोटी 60 लाख डॉलरना गेली. घेणाऱ्याने क्रेडिट कार्ड 24 वेळा स्वाइप केलं आणि मग त्याच वाटीतून चहा प्यायला!

तिकडे कोट्यवधींची वाटी, इकडे आपल्या मणिपूरमधल्या अँड्रो गावी बायका चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मडकी घडवतात. शंभर टक्के हँडमेड!

नागपूरचा माठ मुंबईच्या माठाला हरवतो, माहीत आहे का? माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतं आणि वाफ होऊन उडतं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते भराभर उडतं. मुंबईची हवा आधीच दमट, तिथे उडणार तरी कुठे?

भूक लागली? खानदेशात उलट्या खापरावर हातभर मांडे भाजले जातात. रायगडात थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, हवं तर चिकन भरायचं, मडकं उपडं करून भोवती जाळ पेटवायचा. पाण्याचा थेंबही नाही!

आणि संगीत? गोव्याचं घुमट म्हणजे मातीच्या घटावर ताणलेलं कातडं. 2019 मध्ये ते राज्याचं वारसा वाद्य ठरलं. दक्षिणेतलं मातीचं घटम् तर ग्रॅमीपर्यंत पोहोचलं. 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम वर्ल्ड म्युझिकच्या पहिल्याच ग्रॅमीचा मानकरी ठरला आणि त्यात विक्कू विनायकराम यांचं घटम् होतं.

तेरच्या कुंभार संत गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं-पक्कं पारखल्याची कथा आहे. तुम्ही माठ घेताना टिचकी मारा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर ठेवून द्या. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवा, साबण अजिबात लावू नका, छिद्रं बुजतात. आणि कुंभाराशी घासाघीस करू नका.