लसूण रोज खा, पण बीपीची गोळी सोडू नका



खरं तर या अंकात मी परसबागेवर लिहिणार होते. पण मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत जे घडलं, त्यामुळे विषय बदलला.

बचत गोळा करून झाली, सह्या चालू होत्या. एक काकू सही करायला उठल्या आणि भिंतीला धरून खालीच बसल्या. म्हणाल्या, "काही नाही गं, गरगरलं जरा." त्यांना बीपीचा त्रास आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं, "काकू, आज गोळी घेतली का?" तर म्हणाल्या, "गोळी सोडली मी. दोन महिने झाले. रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या पाण्याबरोबर गिळते. मोबाईलवर आलं होतं ना, लसणानं बीपी मुळापासून जातं म्हणून."

आशाताई बैठकीतच होत्या. त्यांनी बीपी मोजलं. वरचा आकडा १७८, खालचा १०८. काकूंना लगेच रिक्षाने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता काकू बऱ्या आहेत, बैठकीलाही येतात. त्यांना विचारूनच हे लिहितेय. "नाव नको टाकू, पण बाकी सगळं लिही," असं त्याच म्हणाल्या.

त्या रात्री मी आपला व्हॉट्सअॅप ग्रुप मागे मागे नेत तो मेसेज शोधला. सापडला. तो मीच टाकला होता. कुठून तरी आला, चांगला वाटला, न वाचताच पुढे पाठवला. म्हणून या वेळी लसणाबद्दल नीट वाचून, विचारून लिहितेय. लसूण चांगलाच आहे. पण किती चांगला आणि कशासाठी, हे आपल्याला कळलं पाहिजे.

लसणात असतं तरी काय?

लसणाचा अख्खा गड्डा हुंगला तर फार वास येत नाही. पाकळी ठेचली की लगेच नाकात झणका जातो. असं का होतं?

पाकळीमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एक गंधक असलेला पदार्थ, त्याला अॅलीन म्हणतात. दुसरं त्याच्यावर काम करणारं पाचक द्रव्य, म्हणजे एन्झाइम. पाकळी अख्खी असेपर्यंत ही दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत. आपण ठेचलं, चिरलं, चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि अॅलिसिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो उग्र वास अॅलिसिनचा. लसणाचे जे गुण सांगतात, त्यांतले बरेचसे यातून आणि यापासून पुढे तयार होणाऱ्या पदार्थांतून येतात.

घरी करून बघा. एक पाकळी न सोलता, न ठेचता पाण्यात चांगली उकळा आणि मग ठेचा. तो झणका येणार नाही, कारण उष्णतेने एन्झाइम आधीच निकामी झालेलं असतं. भाजलेला अख्खा लसूण गोडसर लागतो तो त्यामुळेच.

म्हणजे काकू पाकळी न चावता पाण्याबरोबर गिळत होत्या, त्यात लसणाचाही पुरता फायदा मिळत नव्हता. आणि गोळी तर बंदच होती.

तेव्हा स्वयंपाकात एवढं करा:

१. लसूण ठेचून किंवा बारीक चिरून दहा मिनिटं तसाच ठेवा. तोवर कांदा चिरा, पीठ मळा. मग फोडणीत घाला.

२. फोडणीत लसूण काळा होईपर्यंत जाळू नका. कडू लागतो आणि गुणही जातात. थोडा ठेचलेला लसूण भाजी-आमटी उतरवताना वरून घातला तर अजून चांगलं.

३. चटणी, ठेचा, कोशिंबीर यांतून थोडा कच्चा लसूण पोटात जातो. भाकरीबरोबर लसणाची चटणी ही आपल्या आजीची पद्धत या बाबतीत बरोबरच होती.

लसणातून पोषण किती मिळतं?

मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की लसणात सी जीवनसत्त्व आहे, बी-६ आहे, मँगनीज आहे, सेलेनियम आहे. हे खोटं नाही. पण हे आकडे १०० ग्रॅम लसणाचे असतात. १०० ग्रॅम लसूण कोण खातं? एक पाकळी साधारण दोन-तीन ग्रॅमची. १०० ग्रॅम लसणात सी जीवनसत्त्व सुमारे ३१ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका पाकळीतून जेमतेम एक मिलिग्रॅम. बाईला दिवसाला लागतं ६५ मिलिग्रॅम. ते एका पेरूतून सहज मिळतं.

म्हणून पोट भरायला आणि अंगात ताकद यायला भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, फळ हेच लागतं. लसूण त्यांना मदत करतो.

ती मदत कशी, तेही सांगते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. धान्य आणि डाळींमध्ये लोह असतं, पण त्यातलं फार थोडं अंगी लागतं. प्रयोगशाळेत त्यांना दिसलं की धान्य-डाळींबरोबर लसूण किंवा कांदा असला तर लोह आणि जस्त जास्त प्रमाणात मोकळं होतं, म्हणजे शरीराला घेण्याजोगं होतं. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता, माणसांवरचा नव्हता, हे लक्षात ठेवू. पण बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि लसणाची चटणी हे आपलं जेवण उगाच ठरलेलं नाही, असं म्हणायला जागा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यांतल्या पाच-सहा. म्हणून उसळीत लसूण घाला, वरून लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. आणि ज्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या घ्यायच्याच. लसणाने लोहाची गोळीसुद्धा सुटत नाही.

बीपीवर लसूण चालतो का?

थोडा चालतो. लसणाच्या गोळ्या, पावडर, अर्क देऊन बरेच अभ्यास झाले आहेत. ज्यांचं बीपी वाढलेलं होतं, त्यांच्यात वरचा आकडा सरासरी आठच्या आसपास कमी झालेला दिसला. तोही काही आठवडे रोज घेतल्यावर.

आता आपणच हिशेब करू. बचतीचा करतो तसाच. काकूंचा वरचा आकडा १७८. त्यातून आठ वजा केले, राहिले १७०. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर सतत राहिलं तर ते जास्त समजतात. म्हणजे लसणाने पूर्ण काम केलं तरी काकू धोक्यातच होत्या.

आणि बीपीची खरी अडचण ही की ते दुखत नाही. आतून मात्र मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर ताण येत राहतो. एखाद्या दिवशी तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, तेव्हा कळतं. "मला बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" असं काकू म्हणाल्या होत्या. काकू, बरं वाटत होतं ते गोळीमुळेच!

कोलेस्टेरॉलचंही असंच आहे. काही अभ्यासांत थोडा फरक दिसला, काहींत दिसलाच नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९२ लोकांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या किंवा नुसत्याच खोट्या गोळ्या दिल्या. त्यांच्या वाईट कोलेस्टेरॉलमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

आणखी एक. चटणी करताना आपण मीठ सढळ हाताने घालतो. बीपीसाठी लसूण खायचा आणि चटणीतून मीठ वाढवायचं, म्हणजे एका हाताने बचत आणि दुसऱ्या हाताने उधारी! एका माणसाला दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट छोटा चमचाभर मीठ पुरे. चटणीला लसूण, तीळ, खोबरं, लिंबू यांनी चव आणा, मीठ निम्मं करून बघा.

बाळंतिणीला लसूण द्यावा का?

द्यावा, जेवणात असतो तेवढा. लसणाने दूध वाढतं असं आपल्याकडे म्हणतात, पण तसं सिद्ध झालेलं नाही. आईने खाल्लेल्या लसणाचा वास दुधात उतरतो, हे मात्र खरं. त्याने बाळाला अपाय होत नाही. दूध वाढतं ते बाळाला वरचेवर पाजल्याने. आणि आईने पोटभर, चौरस जेवल्याने तिची झीज भरून येते. तेव्हा बाळंतिणीला नुसती चटणी-भाकरी नको. डाळ, भाजी, दूध, अंडं तिच्या ताटात आधी वाढा.

इथे मात्र जपा

कच्चा लसूण वाटून कातडीवर बांधू नका. गुडघ्यावर, दाढेच्या बाजूला गालावर, लहान बाळाच्या छातीवर लावलेल्या लसणाने भाजल्यासारखे फोड येतात. बाळाची कातडी तर फारच नाजूक.

कान फुटला असेल, वाहत असेल तर कानात लसणाचं तेल टाकू नका. आरोग्य केंद्रात दाखवा.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर आपण रोज कच्चा लसूण किंवा लसणाच्या कॅप्सूल घेतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जास्त लसणाने रक्त थांबायला वेळ लागू शकतो. भाजीतल्या लसणाची काळजी नको.

उपाशीपोटी कच्च्या लसणाने जळजळ, मळमळ होत असेल तर खाऊ नका. जेवणाबरोबर घ्या.

चटणी-लोणच्याचा व्यवसाय करणाऱ्या गटांसाठी खास सूचना: सोललेला ओला लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर कपाटात ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे एक घातक जंतू विष तयार करू शकतो आणि वासावरून, चवीवरून ते कळत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९८५ मध्ये तेलातल्या लसणामुळे अशी विषबाधा झाली होती. असं काही केलंच तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. पूर्ण कोरडी चटणी किंवा भरपूर मीठ-आंबट घातलेलं लोणचं ही वेगळी गोष्ट. त्यात तो जंतू वाढत नाही.

ज्या घरांत लसूण खात नाहीत

काही मैत्रिणी माळकरी आहेत, काही जैन आहेत, काही जणी चातुर्मास पाळतात. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. लसणातलं जे पोषण आहे ते पालेभाजी, पेरू, आवळा, तीळ, कडधान्य यांतून मिळतं. लसूण न खाल्ल्याने कुणी आजारी पडत नाही.

ज्यांना लसूण चालतो त्यांनी परसबागेत एक वाफा जरूर लावा. २०२४ च्या सुरुवातीला लसूण किलोला ४०० रुपयांच्या वर गेला होता, आठवतंय ना? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाकळ्या टोक वर करून लावायच्या, चार-साडेचार महिन्यांत गड्डे तयार होतात. मधल्या काळात थोडी पात चटणीला, भाजीला मिळते.

पुढच्या बैठकीत एवढं करू

प्रत्येक गटात तिशीच्या पुढच्या किती जणींनी वर्षभरात बीपी आणि साखर तपासली, हे विचारा. उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांना फक्त एवढंच विचारा, "ताई, गोळी घेतली का?" बचतीची चौकशी करतो तशीच. गोळीचा त्रास होत असेल, आरोग्य केंद्रात जायला रोजगार बुडत असेल, तर गटात बोला. सगळ्या मिळून मार्ग काढू. गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टर ठरवतील.

आणि आरोग्याचा मेसेज पुढे पाठवायच्या आधी आशाताईंना किंवा सिस्टरना एकदा दाखवा. हा नियम मी आधी स्वतःला लावला आहे.

काकू आता रोज सकाळी भाकरी खाऊन गोळी घेतात. भाकरीबरोबर लसणाची चटणी असते. मीठ कमी, लसूण भरपूर. परवा त्यांचं बीपी १३६/८४ होतं. मला म्हणाल्या, "हे पण लिही अंकात."

लिहिलं, काकू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक