पानोपानी सही

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, हार्डविकच्या टेकडीवर एक भव्य वाडा उभा आहे. त्याला सहा मनोरे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर दगडात दोन अक्षरं कोरलेली आहेत : ई. एस. म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी. घराला नाव द्यायचं ते देवाचं, वडिलांचं नाहीतर मुलाचं, ही आपली रीत. या बाईनं चारशे वर्षांपूर्वी स्वतःची आद्याक्षरं थेट आभाळात लिहून ठेवली.

इतिहास तिला 'हार्डविकची बेस' म्हणतो. जन्म १५२० च्या दशकातला. घराणं बेताचं, वडील लवकर गेलेले. तिची चार लग्नं झाली आणि चारही नवरे तिच्या आधी वारले. एवढ्या भांडवलावर लोकांनी तिला लोभी, कजाग ठरवून टाकलं. माझं आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेलं, म्हणून मी तिच्याकडे हिशेबाच्या बाजूनं पाहतो.

पहिला नवरा १५४४ मध्ये, कोवळ्या वयातच गेला. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा तहहयात मिळावा, असा तिथला कायदा. तो सहजासहजी मिळेना, तेव्हा विशीच्या आसपासची ही पोर कोर्टात गेली आणि हक्क घेऊनच थांबली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश हा राजाचा खजिनदार. दोघांनी १५४९ मध्ये चॅट्सवर्थची जमीन घेतली आणि तिथं मोठं घर बांधायला काढलं. १५५७ मध्ये तो वारला, तेव्हा पदरात लहान मुलं आणि डोक्यावर सरकारचं पाच हजार पौंडांहून अधिक देणं होतं. पण तिनं चॅट्सवर्थ हातचं जाऊ दिलं नाही.

त्या काळी लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. बाईला स्वतःची सही सापडायची ती वैधव्यात. आपण त्यांना हसू नये. नवऱ्याचे दिवसकार्य उरकून कागदांची पिशवी घेऊन काउंटरशी उभ्या राहिलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. तीस-तीस वर्षं पै-पैचा संसार केलेल्या. पण खाती किती, ठेवी कुठं, याचा पत्ता नाही. हिशेब त्यांना उत्तम येत होता. सही त्यांची नव्हती.

बेसचा चौथा नवरा अर्ल ऑफ श्रूजबरी. स्कॉटलंडची राणी मेरी १५६९ पासून पंधरा वर्षं त्याच्या कैदेत होती. सुरुवातीला बेस आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करीत. पुढं खर्च, संशय आणि मालमत्तेचे तंटे यांत संसार मोडला. १५९० मध्ये अर्ल वारला. त्याच वर्षी साठी ओलांडलेल्या बेसनं हार्डविकच्या नव्या वाड्याचं काम सुरू केलं होतं. काच अतिशय महाग असलेल्या त्या काळात तिनं भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त केल्या. १५९७ मध्ये ती तिथं राहायला गेली.

या वाड्यासाठी तिनं १५९२ मध्ये तेरा भिंतपडदे विकत घेतले. किंमत तीनशे पौंडांच्या वर. पडद्यांवर आधीच्या मालकाची कुलचिन्हं होती. ती बदलण्याच्या खर्चापोटी तिनं पाच पौंड कमी करून घेतले! तिच्या हिशेबाच्या वह्या आजही जपलेल्या आहेत आणि त्यांत पानोपानी तिची सही आहे.

एक नोंद मात्र नावे बाजूला करावीच लागते. नात आर्बेला हिला गादी मिळावी, या आशेनं तिनं पोरीला त्या काचेच्या वाड्यात जवळजवळ कोंडून ठेवलं. पोरीनं सुटायची धडपड केली, तेव्हा आजीनं मृत्युपत्रातून तिचं नाव कमी केलं. स्वतःच्या सहीसाठी जन्मभर झगडलेल्या बाईला नातीची सही कळली नाही.

बेस १६०८ मध्ये वारली. हार्डविक १९५९ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. लोक वाडा पाहायला जातात आणि माना वर करून ती अक्षरं वाचतात. आपल्याला मनोरे बांधायचे नाहीत. पण आज रविवार आहे. कपाटातली कागदांची फाईल काढावी, आईला, पत्नीला, मुलीला शेजारी बसवावं आणि कुठल्या कागदावर कुणाची सही आहे, तेवढं एकदा पाहावं.