चौकटीच्या आतून

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास शनिशिंगणापुरात उतरलो तेव्हा खांद्याला एकच कॅमेरा होता आणि त्याला पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स. झूम लेन्स मुद्दाम घरी ठेवली होती. ती असली की पाय जागचे हलत नाहीत, नुसतं मनगट फिरतं. आणखी एक गोष्ट ठरवून आलो होतो. चौथऱ्यावरच्या शनीच्या शिळेचा फोटो काढायचा नाही. जवळजवळ पावणेसहा फुटांची ती काळी शिळा असंख्य मोबाइलमध्ये आहे. मला त्या शिळेभोवती जगणारं गाव बघायचं होतं.

इथल्या बहुतेक घरांना दारं नाहीत, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चौकट असते, उंबरा असतो, पण दाराच्या फळ्या नाहीत. कडी-कोयंडा नाही, कुलूप नाही. 2011 साली युको बँकेनं इथं बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर तिची चर्चा झाली होती. त्यामुळे पहिला तासभर मीही इतरांसारखाच रस्त्यावर उभा राहून घरांच्या चौकटी टिपत होतो. मग एका लिंबाखाली बसून फोटो बघितले आणि दचकलो. प्रत्येक फोटोत घर बंद दिसत होतं.

कारण साधं आहे. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. कॅमेरा बाहेरच्या भिंतीवर उजेड मोजतो आणि आतलं सगळं काळं करून टाकतो. आपल्या डोळ्याला आतला कणगीचा कोपरा दिसतो, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. कॅमेऱ्याला तेवढा आवाका नाही. मोकळ्या चौकटीच्या जागी एक सपाट काळा आयत उरतो, कुणी काळं दार लावून घेतल्यासारखा. बिनदाराचं घर फोटोत दार लावलेलं दिसावं, हे मला फार लागलं. जे सांगायला आलो होतो त्याच्या नेमकं उलटं मी टिपत होतो.

उठलो आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर रसवंत्या आहेत, बैलाच्या लाकडी चरकाच्या. उसाचे दिवस असल्यामुळे सोनईच्या कारखान्याकडे ट्रॉल्या चाललेल्या, आणि त्यांच्या धुरळ्यात घुंगरांचा आवाज. उभ्यानं काढलेल्या फोटोत बैल, चरक, पाटी, ग्लास, सगळं होतं आणि काहीच नव्हतं. मालकाला विचारून मी रिंगणाच्या कडेला पालथा झोपलो, कॅमेरा मातीला टेकवला. तिथून रसवंती नाहीशीच झाली. दिसला तो खुरांनी दाबून दाबून गुळगुळीत केलेला गोल रस्ता, परातीच्या काठासारखा चमकणारा, आणि त्यावर दर फेरीला त्याच ठिकाणी पडणारं पुढचं पाऊल. शटर एक अष्टमांश सेकंदावर आणलं, म्हणजे पाय थोडा विरघळतो आणि माती स्थिर राहते. अकरा वेळा चुकलं. बाराव्या फेरीला खूर हवा तसा उमटला. कॅमेरा दोन-तीन हातांनी खाली आला, एवढाच काय तो बदल.

माध्यान्हीला पुन्हा गावात आलो. आपल्या भाषेत फोटोग्राफीला दोन नावं आहेत, प्रकाशचित्रण आणि छायाचित्रण. इथला देव शनीही सूर्याचा आणि छायेचा मुलगा. त्याच्या डोक्यावर इथं छप्पर नाही, शिळा ऊन-पावसात उघडी उभी असते. ती सावली टाकते, पण वर्षभर नाही. या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. छायेच्या मुलाची छाया तेव्हा क्षणभर मिटते. जानेवारीत मात्र भरदुपारीही सावल्या उत्तरेला लांब पडतात, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरात ऊन उंबरा ओलांडून आत शिरतं.

तशाच एका घराच्या ओट्यावर मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. दार असतं तर मी वाजवलं असतं. इथं वाजवायला काही नाही, म्हणून माणसाला आपली हद्द आपणच ओळखावी लागते. कॅमेरा तर उघड्या चौकटीतून बिनदिक्कत आत जातो, त्याला रोखावं लागतं. मी अंगणाच्या कडेलाच थांबलो आणि चौकटीचा फोटो काढू का, असं विचारलं.

“चौकटीचा काय काढता? देवाचा काढा की,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, “उन्हात नका थांबू. आत या, पाणी घ्या.”

आत गेलो, मावशीही मेथीची परात घेऊन आत आल्या. तांब्या तोंडाला लावला आणि सहज वळून बाहेर बघितलं. सकाळपासून जे शोधत होतो ते समोर होतं: चौकटीतून दिसणारं बाहेर.

फ्रेंच संशोधक न्येप्सनं 1826-27 च्या सुमारास कॅमेऱ्यानं टिपलेलं, आज टिकून असलेलं जगातलं सर्वांत जुनं प्रकाशचित्र त्याच्या घरातल्या वरच्या खिडकीतून बाहेर बघत घेतलेलं आहे. प्रागचा योसेफ सुदेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस, 1940 पासून चौदा वर्षं आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, काचेवरचं बर्फ, पलीकडे एक वाकडं झाड. त्याच्या खिडकीला काच होती. मावशींच्या चौकटीला तीही नाही.

मी जमिनीवर बसलो. उजेड बाहेर मोजला, तर आतल्या भिंती काळ्या झाल्या आणि अंगण लख्ख उमटलं: तुळस, उपडी घमेली, रस्ता. सकाळचा दोष इथं कामाला आला, कारण काळोख आता दार होत नव्हता, काठ होत होता. मग चौकटीजवळ सरकलो. जिथं बिजागऱ्या ठोकलेल्या असतात ती जागा बघितली. खिळ्याचं एक भोकसुद्धा नाही. लाकूड साऱ्या उंचीभर सारखंच, फक्त कमरेच्या वर वीतभर पट्टा काळपट आणि गुळगुळीत, येता-जाता हात टेकून झालेला. उंबऱ्याजवळ आणखी एक ठसा, हाताचाच असावा, खूप खाली, रांगणाऱ्या पोराच्या उंचीवर. बाजूला एक फळी भिंतीला टेकवलेली. “रातच्याला लावतो आडवी. कुत्री येत्यात,” मावशी म्हणाल्या. फळी चोरासाठी नव्हतीच.

चौकटीत दोरीवर टांगलेल्या पडद्याची एक बाजू भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली होती. वाऱ्यानं तो फुगला की फरशीवरचा उन्हाचा चौकोन आक्रसायचा, बसला की पुन्हा पसरायचा. तो चौकोन मावशींच्या मेथीच्या परातीपर्यंत कधी येतो याची मी वाट बघत राहिलो. चाळीसेक मिनिटं लागली. फोटोग्राफीत वाट बघणं हेच मोठं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. बटण दाबणं त्याच्या शेवटी येतं.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. ओल्या केसांचे, कपाळाला गंध लावलेले चौघे उतरले. एक जण थेट अंगणात आला, मोबाइल उभा धरला आणि चौकटीचा फोटो काढला. आम्ही दोघं त्याच्या समोर आठ फुटांवर बसलेलो, पण त्याला दिसलो नसणार. त्याच्या मोबाइलवर काळा आयत उमटला असेल, सकाळी माझ्या कॅमेऱ्यावर उमटला होता तसाच. मी त्याच क्षणी बटण दाबलं. माझ्या फोटोत तो चौकटीच्या बरोबर मध्यभागी आहे, चेहऱ्यासमोर मोबाइल, मागून उसाची ट्रॉली चाललेली, आणि खालच्या कोपऱ्यात उन्हाच्या कडेला मेथीची जुडी धरलेला एक हात.

तो गेल्यावर मी फोटो मावशींना दाखवला. हात पदराला पुसून त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. त्या माणसाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

“पडदा लई मळलाय की,” त्या म्हणाल्या. परात बाजूला सारून उठल्या, पडदा दोरीवरून ओढून काढला आणि मागच्या अंगणात बादलीकडे घेऊन गेल्या. सगळं ऊन एकदम आत आलं.