मरायला नकार देणारी पेशी

दिवसभर समुद्रावर उघड्या अंगाने हुंदडलं, की चार दिवसांनी खांद्यांची सालपटं निघतात. ही त्वचा नुसती भाजून मेलेली नसते. अतिनील किरणांनी डीएनए बिघडला, की पी-५३ हे प्रथिन ते हेरतं आणि दुरुस्ती हाताबाहेरची असेल तर पेशीला स्वतःहून संपायला लावतं.

ते कसं? बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं पेशीतल्या मायटोकाँड्रियाला भोकं पाडतात. आतलं सायटोक्रोम-सी बाहेर सांडतं, त्याने कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशीची आतूनच खांडोळी करतात.

एरवी बीसीएल-२ हे प्रथिन बॅक्स आणि बॅक या दोघांना हँडब्रेकसारखं रोखून धरतं. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात बहुतेकदा १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, बीसीएल-२चा जनुक भलत्याच जागी जाऊन बसतो आणि प्रथिनाचा नुसता पूर येतो. गंमत म्हणजे पेशी त्यामुळे भराभर वाढत नाहीत. फक्त मरत नाहीत. तेवढंही पुरतं!

व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं बीसीएल-२च्या खाचेत जाऊन बसतं आणि हा हँडब्रेक सोडवतं. अमेरिकेत २०१६ साली ते रक्ताच्या एका चिवट कर्करोगासाठी मंजूर झालं. त्या कर्करोगात औषधाने पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात, की त्यांच्यातला ऐवज रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून डॉक्टर २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पाचव्या आठवड्यात ४०० वर पोचतात.