शुक्रवारची सांज

‘फ्रायडे नाइट डिनर’ ही विनोदी मालिका २०११ ते २०२० या काळात ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर गाजली. एका ज्यू कुटुंबातील दोघे तरुण मुलगे दर शुक्रवारी आईवडिलांकडे जेवावयास येतात, एवढेच तिचे सूत्र. पण शुक्रवारच का? ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. म्हणून शनिवारचा विसावा शुक्रवारी सांजेसच सुरू होतो.

ही रीत मराठी मुलखास परकी नाही. कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल तेल गाळीत. शनिवारी मात्र त्यांचा घाणा थांबे. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एका दिवसाची कमाई त्यांनी सोडली, पण इतर ज्यूंपासून शतके दूर राहूनही आपली ओळख सोडली नाही. १९४८ नंतर त्यांपैकी पुष्कळजण इस्रायलला गेले, ते मराठी सोबत घेऊनच.

मराठी-कानडी एकत्र नांदणाऱ्या संकेश्वरच्या परिसराला यातील मर्म सहज उमगेल: वारसा टिकतो तो घरच्या पंगतीत.